हरलो त्याचं काही नाही, पण... : आवडलेले आणि डोक्यात गेलेले व्हिडिओ गेम

आयर्विनखालचा (सांगली)

परवा माळा झाडताना व्हिडिओ गेमची बंदूक सापडली. नारिंगी नळी, राखाडी दस्ता, वायर उंदरांनी कुरतडलेली. मशीन २०१९ च्या पुरात गेलं. ते खालच्या मजल्यावर कपाटात होतं आणि पाणी कपाटाच्याही वर. बंदूक आईनं कधीतरी माळ्यावर टाकली होती म्हणून तेवढी वाचली. बायको म्हणाली, भंगारात घाला. मी "बघतो" म्हणालो, आणि दोन दिवस ती टेबलावरच आहे.

तर या निमित्तानं धागा. इतक्या वर्षांत खेळलेल्यांपैकी कुठले गेम मनात बसले आणि कुठल्यांनी निराशा केली? नुसती नावं टाकू नका, कारण लिहा.

माझी कसोटी आधी सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. हरल्यावर "चूक आपलीच होती" हे ज्या गेममध्ये पटतं तो चांगला. हरल्यावर रिमोट (गेमचा, टीव्हीचा नव्हे) आपटावासा वाटतो तो वाईट. ग्राफिक्स, स्टोरी वगैरे सगळं नंतर.

या हिशेबानं माझा एक नंबर डक हंट. १९८४ चा गेम. आमच्या घरी आला तोवर दहा-बारा वर्षांचा म्हातारा झाला होता, पण आम्हाला कुठं माहीत! आम्हाला तो त्या दिवशीच जन्मलेला. बदक उडालं, गोळ्या तीन. चुकलात की कुत्रं गवतातनं डोकं वर काढून हसणार. तक्रार करायला जागाच नाही. मी एकटा असताना बऱ्यापैकी पुढं जायचो. दादा शेजारी येऊन बसला की काय व्हायचं कुणास ठाऊक, हात थरथरायचा, बदक ऐन वेळी भलतीकडं वळायचं आणि खेळ खलास. पण बंदूक माझ्या हातात, तेव्हा दोष माझाच. दादा तसाही लहानपणी प्रत्येक गोष्टीत जिंकायचा, अगदी कुल्फी कुणाची आधी वितळते यातसुद्धा.

दुसरा काँट्रा. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस जीव. गल्लीत हा कोड एकाच पोराला येत होता आणि तो आमच्या घरात काहीतरी खाल्ल्याशिवाय दाबून द्यायचा नाही. दाबताना हात शर्टाखाली झाकायचा. तिसऱ्या स्टेजचा धबधबा आठवतो का? दोघं खेळताना जो भराभर वर चढतो तो स्क्रीन वर ओढतो, खाली राहिलेला आपोआप मरतो. वर कायम दादा. हे गेमचं पाप की दादाचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता निराशा. पहिली तर कॅसेटच. वर छापलेलं ९९९९९९ इन वन. सुट्टीत आम्ही वहीत यादी करायला बसलो. पंधरा-वीसच्या पुढं तेच मारिओ, तेच रोड फायटर, फक्त नाव दुसरं आणि सुरुवात तिसऱ्या स्टेजपासून. सहावीत मला कळलं की मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. आणि तरी २०१६ मध्ये नो मॅन्स स्कायवर ठेवला. ग्रह किती, तर दोनाचा चौसष्टावा घात. म्हणजे अठरावर अठरा शून्यं आणि वर थोडे. पहिले पाच ग्रह बघितले, हरखलो. सहाव्यावर वाटलं, अरे, हे कॅसेटचंच झालं की. तेच गवत, तेच जनावर, रंग वेगळा.

बोला आता.

बोगद्यापल्याड (सातारा)

दादा, तुमची कसोटी भारी हाय, पण ती मुस्तफाला लावून दावा.

आमच्या इथं ष्टँडकडं एक पार्लर हुतं. पत्र्याचं शेड, आत चार मशिनी, उदबत्ती आणि घामाचा वास. एक रुपयाला एक टोकन. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमनं १९९३ ला काढल्याला, हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं. साताऱ्यात त्याला मुस्तफाच म्हणायचं. त्यातला पिवळ्या टोपीवाला गडी मुस्तफा, पळत येऊन लाथ घालायचा. तिघं खेळाय लागले की टोपीवाला कुणी घ्यायचा यावरनं खऱ्या लाथा व्हायच्या. माझ्या वाट्याला कायम तो जाडा. जाडा दणकट, पण चालायला एस्टीसारखा.

आता मुद्दा. नाण्यावर चालणारा गेम तुम्हाला हरवायलाच बांधल्याला असतो. तुम्ही मेला न्हाई तर मालक जगंल कसा? शेवटी शेवटी एवढी माणसं अंगावर सोडायचा की चूक कुणाची ह्येचा विचार करायलाबी टाइम न्हाई. दहा, नऊ, आठ अशी उलटी मोजणी सुरू झाली की खिशात हात. मी आईनं पीठ गिरणीला दिल्यालं पैसं घातल्यात त्यात. दळण तसंच घिऊन परत गेलो, म्हटलं गिरणी बंद हाय. गिरणी आमच्या घरातनं दिसत हुती.

तर हा गेम माणसाला नागवतो, तरीबी माझा आवडता. काय म्हणणं हाय?

आयर्विनखालचा (सांगली)

गिरणी घरातनं दिसत होती... 😂 पुढं काय झालं ते लिहू नका, अंदाज आला.

म्हणणं असं की पार्लरवाल्यानं लूट लपवली नव्हती. रुपया घाल, मर, पुन्हा घाल. सौदा समोर होता. हल्लीच्या मोबाईल गेममध्ये आधी फुकट म्हणून बसवतात आणि विसाव्या लेव्हलला अशी गोची करतात की हिरे विकत घ्या नाहीतर चार तास थांबा. तुमचा मुस्तफा निदान तोंडावर लुटायचा.

३८६वाला

साताऱ्यातच, पण वय वेगळं. आम्ही कॉम्प्युटर क्लासला जायचो, चपला बाहेर काढून. एसी असलेली आमच्या आयुष्यातली ती पहिली खोली. शिकायला बेसिक आणि वर्डस्टार, आणि सर चहाला गेले की प्रिन्स ऑफ पर्शिया.

धागाकर्त्यांची कसोटी मला शंभर टक्के मान्य आहे, कारण तिच्यावर प्रिन्सइतका खरा उतरलेला गेम मी पाहिला नाही. साठ मिनिटं, बारा लेव्हल. दरीत पडलात तर उडी एक पाऊल आधी मारलीत म्हणून. सुळे अंगात घुसले तर हळू चालायचं सोडून धावलात म्हणून. जॉर्डन मेकनरनं धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून त्या पोराच्या चालीला वजन आहे. थांब म्हटलं तरी लगेच थांबत नाही, दोन पावलं घसरतो. सुरुवातीला चीड येते. मग कळतं की आपणही पळताना असेच थांबतो.

आणि ती सावली! चौथ्या लेव्हलला आरशातनं उडी मारली की आपलंच भूत बाहेर पडतं. पाचव्यात ते आपली बाटली पिऊन जातं, सहाव्यात आपल्या समोरचा दरवाजा बंद करून आपल्याला खाली पाडतं. बाराव्यात समोर उभं राहतं तलवार घेऊन. आम्ही सात-आठ दिवस त्याला मारत होतो आणि प्रत्येक घावाला आमचाच जीव कमी होत होता. क्लासमधली एक मुलगी, जी कधी खेळायची नाही, नुसती मागे उभी राहून बघायची, ती म्हणाली, "तलवार म्यान करून बघ ना." म्यान केली. सावली येऊन अंगात मिसळली. खोलीत कुणी बोललं नाही थोडा वेळ. १९८९ चा गेम हो हा!

निराशा : पुढे २००३ मध्ये आलेला सँड्स ऑफ टाइम. लोक शिव्या घालतील, फार गाजला होता. पण त्यात चुकलं की वेळ मागे फिरवता येते. दरीत पडा, खंजिराचं बटण दाबा, परत काठावर. मला ते पटलं नाही. साठ मिनिटं पुढेच जाणारं घड्याळ काढून मागे फिरणारं दिलं.

भडंग_कमी_तिखट (विश्रामबाग)

वर बटणाबद्दल तक्रार वाचून हसू आलं. मला तुमचं ते बटण आयजीआयमध्ये हवं होतं.

पहिला प्रोजेक्ट आयजीआय, २००० चा. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नाही. अर्धा-पाऊण तास कुंपणाकडेनं सरपटत जायचं, कॅमेरे बंद करायचे, एक चूक झाली की अलार्म, आणि बराकीतनं सैनिक येतच राहणार, येतच राहणार. मेलात तर पहिल्यापासून. हे सगळं मी सहन केलं असतं. पण आमच्याकडं त्या काळी भारनियमन, वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं, आणि ते वेळापत्रक वीज पाळायची नाही. शेवटची इमारत, शेवटचा दरवाजा, आणि फट्ट. मॉनिटरच्या मधोमध एक पांढरा ठिपका, मग तोही नाही.

आयर्विनखालचा, सांगा, यात चूक कुणाची? माझी, गेमची, की लाइटची?

आणि तरी आवडता हाच. पूर्ण केला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

द्राक्षमळा (तासगाव)

सगळे पुरुष दिसताहेत इथे, आणि सगळे हरण्याबद्दलच बोलताहेत. मी वेगळी बाजू मांडते.

मला हरवणारे गेम नकोतच. हरायला आमची बाग पुरेशी आहे. ऑक्टोबर छाटणी झाली, फुटवे चांगले आले, घड दिसायला लागले आणि तीन दिवस ढगाळ राहून पाऊस लागला की डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग. रात्री दोनला ट्रॅक्टर काढून फवारणी. यात "चूक आपलीच होती" असं मनाला पटवायचं म्हटलं तरी पटत नाही, चूक कुणाचीच नसते. आयर्विनखालचा, तुम्ही तर पूर बघितलाय. तुमची कसोटी खऱ्या आयुष्याला लावून बघा.

म्हणून माझा आवडता गेम स्टारड्यू व्हॅली. २०१६ चा, एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं करून बनवलेला, साडेचार वर्षं खपून. शेती करायची. पार्सनिप चार दिवसांत काढणीला येतो! आमच्याकडं हळद आठ-नऊ महिने जमिनीत बसते, मग उकडा, वाळवा, पॉलिश करा, मग सांगलीच्या यार्डात सौदा. तिथं पेटीत टाकलं की सकाळी पैसे जमा, आडत नाही, तोलाई नाही. आणि पाऊस पडला की काय होतं माहितेय? त्या दिवशी पाणी घालायची मेहनत वाचते. बस्स. पहिल्यांदा तो पाऊस पडला तेव्हा मी उगाच दचकले होते.

नवरा म्हणतो, दिवसभर शेतात आणि रात्री पण शेतीच? त्याला कसं सांगू की ही दुसरी आहे.

निराशेत सांगण्यासारखं फार नाही. भाच्यानं हौसेनं एक ट्रॅक्टर चालवायचा गेम बसवून दिला होता, हुबेहूब, प्रत्येक नांगराचं नाव खरं. दोन दिवसांत काढून टाकला. हुबेहूबच हवं असेल तर शेडमध्ये उभा आहे.

आयर्विनखालचा (सांगली)

द्राक्षमळा ताई, मान्य. तुमच्यासमोर माझी कसोटी टिकत नाही. पूर आला तेव्हा आम्ही तीन दिवस गच्चीवर होतो, चूक कुणाची याची चर्चा सगळ्या गल्लीनं केली, उत्तर अजून निघालेलं नाही.

भडंग, लाइटचं पाप गेमच्या माथी नको. पण सेव्ह न देणं हे मात्र मी गेमकडं धरतो.

मिरज_जंक्शन

क्रिकेटचा विषय कुणी काढला नाही, कमाल आहे.

ईए क्रिकेट ०७. २००६ च्या शेवटी आला आणि त्यानंतर ईएनं क्रिकेटचा गेम काढलाच नाही. परवाना नसल्यामुळं आपल्या संघातली नावं मोडकीतोडकी, चेहरे कुणाचेही. मग पोरांनी स्वतः पॅच काढून नावं, जर्सी, मैदानं सगळं बसवलं. आमच्या होस्टेलवर ते पेनड्राइव्हमधनं फिरायचं. ज्या कंपनीनं गेम सोडून दिला तो गेम अख्ख्या देशातली पोरं वर्षानुवर्षं दुरुस्त करत बसली होती. गेम चांगला होता का? खरं सांगू, नव्हता. एकदा फटका जमला की षटकात छत्तीस. पण दुसरा होता कुठं?

त्या भुकेपोटीच अ‍ॅशेस क्रिकेट २०१३ ची वाट बघितली. तो नोव्हेंबर २०१३ मध्ये स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आला आणि काही दिवसांतच मागं घेतला, लोकांना पैसे परत. क्षेत्ररक्षक भलतीकडं पळताहेत, चेंडू भलतीकडं, असे व्हिडिओ तेव्हा सगळीकडं फिरले. सामना रद्द होऊन तिकिटाचे पैसे परत मिळतात ना, तसं झालं. पुढच्या वर्षी डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ आला आणि पहिल्यांदा कळलं की बॅटिंग अवघड असते. पहिल्या करिअरमध्ये माझी सरासरी साडेसहा होती. आयर्विनखालचा यांची कसोटी इथं चालते : दर वेळी चूक माझीच, ऑफ स्टंपबाहेरचा सोडायचाच नाही.

नवखा_२००४ (सातारा)

काका लोकहो, एक विचारतो. तुम्ही गेमला एकदाच बघता आणि निकाल देता. आता तसं राहिलं नाही.

सायबरपंक २०७७ बघा. डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर इतका फाटका होता की सोनीनं तो आपल्या स्टोअरवरनं काढला, जून २०२१ मध्ये परत घेतला. तेव्हाच्या धाग्यांवर बघाल तर नुसत्या शिव्या. मी २०२३ च्या शेवटी खेळलो, २.० अपडेट आणि फँटम लिबर्टी हा वाढीव भाग आल्यावर, मित्राच्या पीसीवर. माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी गेम. मग हा गेम चांगला की वाईट? नो मॅन्स स्काय पण तसाच. सुरुवातीला दोन माणसं एकाच जागी उभी राहून एकमेकांना दिसली नव्हती. २०१८ च्या नेक्स्ट अपडेटनंतर मित्रांसोबत खेळता येतं. परत बसवून बघा.

माझी निराशा मात्र घरची आहे. राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनी बनवलेला, २०२० चा. भिंतींवरची चित्रं, दुर्गा आणि विष्णू सूत्रधार, धाकट्या भावाला शोधणारी डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी पोरगी. पहिला तास अंगावर काटा. आपल्याकडचं असं काही पडद्यावर कधी बघितलंच नव्हतं. मग मारामारी तीच ती व्हायला लागते, आणि पाचेक तासांत एकदम संपतो, दार तोंडावर आपटल्यासारखा. वाईट असता तर विसरलो असतो. चांगला होता, अर्धा वाटला, म्हणून लागलं.

बोगद्यापल्याड (सातारा)

नवख्या, आरं पण तीन वर्सांनी नीट हुणार आसंल तर पैसं पण तीन वर्सांनीच घ्या की. कंदी पेढा कच्चा दिऊन "मावा पुढच्या म्हैन्यात अपडेट करतो" म्हटलं तर मोती चौकात कोण घिल का?

नवखा_२००४ (सातारा)

😂 हे पटलं.

३८६वाला

काँट्राच्या कोडबद्दल राहिलं होतं. तो मुळात काँट्राचा नव्हेच. १९८६ मध्ये कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ग्रॅडियस हा गेम घरच्या मशीनवर आणताना स्वतःला तपासणीत तो झेपेना म्हणून टाकला होता. बनवणाऱ्यालाच अवघड गेला, यात बरंच आलं.

आणि आयर्विनखालचा, ती बंदूक भंगारात टाकू नका, पण नव्या टीव्हीवर चालेल अशी आशाही ठेवू नका. तिच्यातनं काही बाहेर जात नाही, ती फक्त बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन. नळीतल्या डोळ्याला आधी काळं, मग पांढरं दिसलं की नेम लागला. म्हणूनच ट्यूबलाइटवर धरून फसवता यायचं नाही. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बांधलेलं आहे. आताचा टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात गेमची वेळ निघून जाते.

जाता जाता एक शंका. तुम्ही लिहिलंय की एकटे असताना जमायचं आणि दादा शेजारी असला की बदक भलतीकडं वळायचं. तुम्ही गेम ए खेळायचात का, एका बदकाचा?

आयर्विनखालचा (सांगली)

हो, कायम गेम ए. का हो?

३८६वाला

आणि रिमोट तेव्हा कुणाकडं असायचा?

आयर्विनखालचा (सांगली)

दादाकडं. तो म्हणायचा, वायर लूज आहे, धरून बसावं लागतं, नाहीतर गेम अडकतो.

३८६वाला

गेम ए मध्ये रिमोटनं बदक उडवता येतं. डावी-उजवीकडं, वर-खाली. दुसऱ्या खेळाडूसाठी ती सोय मुद्दाम ठेवलेली आहे.

भडंग_कमी_तिखट (विश्रामबाग)

अगं आई गं.

बोगद्यापल्याड (सातारा)

दादा जित्ता हाय न्हवं? त्येला फोन लावा आधी.

द्राक्षमळा (तासगाव)

"तेव्हा दोष माझाच." 😄 माफ करा, राहवलं नाही.

आयर्विनखालचा (सांगली)

लावला फोन. आत्ताच.

दादा कोल्हापूरला असतो, पन्नाशीला आलाय. मी म्हटलं, बंदूक सापडली माळ्यावर. म्हणाला, कुठली बंदूक? म्हटलं, बदकाची. गप्प बसला. मग इतका हसायला लागला की वहिनीनं फोन घेतला, काय झालं म्हणून विचारायला. तिला सांगितलं तर ती म्हणाली, हे तर मला लग्नाआधीपासून माहितेय, मला वाटलं तुम्हालाही सांगितलं असेल.

मग दादानं फोन परत घेतला. म्हणाला, "तुला आत्ता कळलं व्हय? बरं झालं. रविवारी ये जेवायला, काँट्राचंपण एक सांगायचंय."